ठरलेला भाव आणि शेवटच्या घडीची कात्री

इंग्लंड आणि वेल्समध्ये घराचा भाव ठरतो, विकणारा होकार देतो, दारातल्या पाटीवर 'सोल्ड, सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असे झळकते, आणि तरीही कायद्याच्या लेखी काहीच ठरलेले नसते. करारावर शिक्कामोर्तब व्हायला तिथून पुढे दोन-तीन महिने सहज जातात, कित्येकदा त्याहून जास्त. या काळात घेणारा मागे फिरू शकतो, विकणाराही फिरू शकतो. घेणाऱ्याला आणखी एक वाट मोकळी असते. सगळी कागदपत्रे तयार झाली, करार दोन दिवसांवर आला, की एजंटला फोन करून सांगायचे, ‘पंधरा हजार पाउंड कमी करा, नाहीतर राहू द्या.’

या प्रकाराला तिकडे गॅझंडरिंग म्हणतात. विकणाऱ्याने एकाला होकार देऊन दुसऱ्याचा चढा भाव घेतला तर ते गॅझम्पिंग. बाजार चढा असला की दुसऱ्याला ऊत येतो, उतरता असला की पहिल्याला. दोन्ही कायदेशीर आहेत आणि दोन्हींच्या नावाने लोक सारखीच बोटे मोडतात. तरीही गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत बाजार मंदावला की गॅझंडरिंग पुन्हा डोके वर काढते. याला घेणाऱ्याची नियत जबाबदार, असे विकणारे म्हणतात. व्यवहाराची रचना पाहिली तर दोष नियतीपेक्षा तिथे जास्त सापडतो.

दगडाखालचा हात

ही मागणी शेवटी का येते, हे आकड्यांनी चटकन कळते. समजा, रीडिंगजवळचे एक तीन बेडरूमचे घर 3 लाख 50 हजार पाउंडांना ठरले. विकणारे कुटुंब तेच पैसे घालून 4 लाख 20 हजारांचे मोठे घर घेणार आहे. दोन्ही करार एकाच दिवशी व्हायचे आहेत. सॉलिसिटरचे काम जवळपास पुरे झाले आहे, पुढच्या घराच्या सर्व्हेचे पैसे देऊन झाले आहेत, नवे गृहकर्ज मंजूर आहे, सामान हलवणाऱ्यांना दिवस दिला आहे, मुलांची नावे नव्या शाळेत घातली आहेत. अशा वेळी 15 हजारांची कपात मागितली जाते. मूळ भावाच्या ती चार टक्क्यांहून थोडी जास्त.

विकणाऱ्याने नकार दिला तर घर पुन्हा बाजारात आणायचे, नवे गिऱ्हाईक शोधायचे आणि तोवर पुढच्या घराचा मालक थांबेल अशी आशा करायची. तो थांबला नाही तर सर्व्हेचे पैसे बुडाले, कर्जमंजुरीची मुदतही संपू शकते. हिशेब केला की पंधरा हजार देऊन मोकळे होणे स्वस्त पडते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, तसे बहुतेक जण धुसफुसत दहा हजारांवर तोडतात. मग तेही वरच्या घराच्या मालकाला फोन करून म्हणतात, ‘आमच्यावर ही वेळ आली, तुम्ही पाच सोसा.’ एकमेकांवर अवलंबून असलेल्या सौद्यांच्या या रांगेला तिकडे ‘चेन’ म्हणतात. कपात चेनच्या एका टोकाला सुरू होते आणि वरवर सरकत जाते. अगदी वरच्या टोकाला बहुधा पुढे घर घ्यायचेच नसलेला कुणीतरी असतो, उदाहरणार्थ आईवडिलांचे घर विकणारी भावंडे. सरळ ‘नाही’ म्हणणे परवडते ते त्यांनाच.

अर्थशास्त्रात या पेचाचा बराच अभ्यास झाला आहे. एका बाजूने परत न मिळणारा खर्च करून ठेवला, की दुसरी बाजू नव्याने घासाघीस सुरू करते. ऑलिव्हर विल्यमसन (नोबेल, 2009) आणि ऑलिव्हर हार्ट (नोबेल, 2016) यांच्या कामात करारांमधल्या या अडवणुकीला महत्त्वाची जागा आहे. त्यांचा रोख मुख्यतः कंपन्यांच्या व्यवहारांवर होता, पण चेनमध्ये अडकलेल्या घरमालकाची स्थितीही तीच.

शब्दाला कायद्यात जागा नाही

इंग्रजी कायद्याने जमिनीच्या व्यवहारात तोंडी शब्दावर कधीच फारसा विश्वास ठेवला नाही. 1677 च्या ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’पासून लेखी पुराव्याची अट आहे. 1989 च्या कायद्याने ती आणखी कडक केली. जमीन किंवा घर विकण्याचा करार लेखी हवा, ठरलेल्या सगळ्या अटी त्यात हव्यात आणि दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात. यातले एक जरी नसले तरी करारच झालेला नाही. प्रत्यक्षात सह्या केलेल्या दोन प्रतींची अदलाबदल होते आणि घेणारा साधारण दहा टक्के रक्कम भरतो. या टप्प्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात. यानंतर भाव पाडायची सोय नाही. मागे फिरले तर ती रक्कम जाते. म्हणून जो काही दबाव आणायचा तो एक्स्चेंजच्या आदल्या दिवसांत आणला जातो.

एवढी मोकळीक ठेवण्यामागे कारण आहे. इंग्लंडमध्ये घरातले दोष शोधण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्यावर असते. बांधकामाचा सर्व्हे त्यानेच करून घ्यायचा, नगरपालिकेकडच्या नोंदी, सांडपाण्याची व्यवस्था, पुराचा धोका हे त्याच्याच सॉलिसिटरने तपासायचे, कर्जही त्यानेच उभे करायचे. हे होण्याआधी त्याला बांधून टाकले तर तो फसू शकतो. इंग्लंडच्या विधी आयोगाने 1975 मध्ये या पद्धतीची पाहणी केली आणि नेमक्या याच कारणासाठी ती बदलू नये असे मत दिले. घेणाऱ्याला चौकशीला वेळ मिळावा म्हणून ठेवलेल्या फटीतूनच पुढे गॅझंडरिंग शिरले.

न्यायालयांनी ही फट थोडी बुजवायचा प्रयत्न केला. ‘वॉलफर्ड विरुद्ध माइल्स’ या 1992 च्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, की ‘आपण प्रामाणिकपणे बोलणी करू’ असे नुसते आश्वासन न्यायालयात टिकत नाही. ठराविक मुदतीपुरते ‘दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही’ असे वचन मात्र, त्या बदल्यात काही दिलेले असेल तर, बंधनकारक ठरू शकते. तो व्यवहार घराचा नसून एका व्यवसायाचा आणि त्याच्या जागेचा होता, सुमारे वीस लाख पाउंडांचा. फिर्यादींच्या हाती शेवटी आले ते 700 पाउंड. पुढच्याच वर्षी ‘पिट विरुद्ध पीएचएच’ या खटल्यात अपील न्यायालयाने हे तत्त्व घराला लावले. सफोकमधल्या एका घरासाठी घेणाऱ्याला दोन आठवड्यांचे वचन मिळाले होते, ते मोडून विकणाऱ्याने घर जास्त बोली लावणाऱ्याला दिले. न्यायालयाने विकणाऱ्याला दोषी धरले. पण अशा वचनाने विकणाऱ्याचे पाय बांधले जातात, तेही मुदतीपुरते. घेणाऱ्याने भाव पाडू नये यासाठी त्याचा उपयोग नाही.

चार उतार, चार लाटा

गॅझंडरिंगचा बोलबाला झाला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. मार्च 1988 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी जाहीर केले, की एकाच घरासाठी दोघा-तिघांना वेगवेगळी मिळणारी गृहकर्ज व्याजाची करसवलत ऑगस्टपासून बंद होईल. मधल्या चार-साडेचार महिन्यांत सवलत पदरात पाडून घ्यायला झुंबड उडाली, भाव वर गेले. मग व्याजदर चढू लागले. 1988 च्या मे महिन्यात साडेसात टक्क्यांच्या आसपास असलेला मूळ दर ऑक्टोबर 1989 मध्ये 15 टक्क्यांवर पोचला. आठ आठवड्यांपूर्वी ठरलेला भाव करार होईपर्यंत महाग वाटू लागला आणि घेणाऱ्यांना आपल्या हातातल्या ताकदीचा शोध लागला. ही मंदी लांबली. 1991 या एका वर्षात ब्रिटनमध्ये हप्ते थकल्यामुळे सुमारे 75 हजार घरे कर्ज देणाऱ्यांनी ताब्यात घेतली.

दुसरी लाट 2008 ची. नॉर्दर्न रॉक बँकेसमोर रांगा लागून वर्ष झाले होते, कर्ज मिळेनासे झाले होते, भाव महिन्यागणिक उतरत होते. बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च 2009 मध्ये अर्ध्या टक्क्यावर आला, तरी विकणाऱ्यांच्या हाती गिऱ्हाईक टिकत नव्हते.

तिसरी लाट सरकारी तारखेमुळे आली. कोविडच्या काळात, जुलै 2020 मध्ये, इंग्लंडमध्ये पहिल्या 5 लाख पाउंडांपर्यंत मुद्रांक शुल्क माफ झाले, म्हणजे जास्तीत जास्त 15 हजार पाउंडांची बचत. ही पूर्ण सूट 30 जून 2021 ला संपणार होती. सॉलिसिटरांकडे कामाचे ढीग साचले आणि तारीख हुकणार हे दिसताच तेवढी रक्कम विकणाऱ्याने सोसावी, अशा मागण्या सुरू झाल्या. महाराष्ट्रातही त्याच सुमारास मुद्रांक शुल्कात सवलत होती, डिसेंबर 2020 पर्यंत तीन टक्क्यांची आणि मार्च 2021 पर्यंत दोन टक्क्यांची. नोंदणी कार्यालयांत इथेही गर्दी उसळली. फरक असा, की इथे साठेखत लवकर नोंदता येत असल्याने घासाघिशीला फार दिवस उरत नव्हते.

चौथी लाट 23 सप्टेंबर 2022 च्या ‘मिनी बजेट’नंतरची. अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांच्या करकपातीने रोखेबाजार हादरला. कर्ज देणाऱ्यांनी काही दिवसांतच शेकडो कर्जयोजना मागे घेतल्या आणि दोन वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाचा सरासरी व्याजदर ऑक्टोबरमध्ये सहा टक्क्यांच्या वर गेला. ऑगस्टमध्ये साडेतीन लाखांना होकार दिलेल्या माणसाचा हप्ता डिसेंबरमध्ये खिशाला झेपत नव्हता. त्याने कपात मागितली तर त्याला लुबाडणारा म्हणायचे की अडलेला?

कपात रास्त केव्हा?

शेवटच्या टप्प्यातली प्रत्येक कपात म्हणजे लबाडी नव्हे. सर्व्हेयरने छतातली कूज दाखवली, भिंतीला खालून ओल चढलेली सापडली, पाया खचल्याच्या खुणा दिसल्या किंवा बागेत ‘जॅपनीज नॉटवीड’ हे उपद्रवी झुडूप निघाले, तर भाव पुन्हा बोलणे रास्तच आहे. बँकेच्या मूल्यमापकाने घराची किंमत 3 लाख 35 हजारच धरली, तर उरलेले 15 हजार घेणाऱ्याने कुठून आणायचे, हाही खरा प्रश्न असतो. लीजवरच्या फ्लॅटची मुदत 80 वर्षांच्या खाली आलेली असेल तर ती वाढवायचा खर्च मोठा पडत आला आहे. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागल्यानंतर बाह्य आवरणाच्या तपासणीचा दाखला नाही म्हणून हजारो फ्लॅट्सना कर्जच मिळेनासे झाले.

रास्त मागणी ओळखता येते. ती सर्व्हे हाती आल्याबरोबर येते, तिच्यासोबत अहवाल असतो आणि आकडा दुरुस्तीच्या अंदाजाशी जुळतो. गॅझंडरिंगमध्ये अहवाल महिनाभर फायलीत पडून असतो आणि फोन एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी येतो. नवी माहिती एकही नसते, आकडा मात्र गोल असतो.

इतरत्र काय करतात

या दुखण्यावर औषध नाही असे नाही. न्यू साउथ वेल्समध्ये विक्रीचा करार तयार नसेल तर राहते घर विक्रीला लावताच येत नाही. करार झाल्यावरही घेणाऱ्याला बहुधा पाच कामकाजी दिवस फेरविचाराला मिळतात. त्या काळात तो मागे फिरला तर भावाच्या 0.25 टक्के रक्कम गमावतो. फ्रान्समध्ये दोन्ही पक्ष लवकरच प्राथमिक करारावर सह्या करतात, घेणारा साधारण पाच ते दहा टक्के रक्कम नोटरीकडे ठेवतो आणि त्याला दहा दिवस मागे फिरता येते. त्यानंतर सुटायचे तर कर्ज नाकारले गेल्यासारखी करारात लिहिलेली अट लागते.

स्कॉटलंडमध्ये 1 डिसेंबर 2008 पासून बहुतेक घरांच्या विक्रीला ‘होम रिपोर्ट’ लागतो. बांधकामाची पाहणी आणि मूल्यांकन, ऊर्जेचा अहवाल आणि घराविषयीची प्रश्नावली, सगळे विकणाऱ्याने आधी द्यायचे. दोष माहीत असताना लावलेल्या बोलीत नंतर ‘अहो, ओल सापडली’ म्हणायला जागा उरत नाही. शिवाय तिथल्या सॉलिसिटरांच्या संघटनेचे मार्गदर्शन असे, की अशिलाने सबळ कारणाशिवाय ठरलेला शब्द फिरवला तर वकिलाने त्याचे काम सोडावे. तिथेही अलीकडे करार पक्का व्हायला उशीर होतो अशी तक्रार असते, पण शब्द फिरवायला वकील सहजी मिळत नाही हा धाक मोठा आहे.

इंग्लंडनेही हे करून पाहिले होते. 2004 च्या कायद्यानुसार 2007 मध्ये ‘होम इन्फर्मेशन पॅक’ सक्तीचा झाला. मात्र त्यातला घराच्या स्थितीचा अहवाल सक्तीचा न ठेवण्याचे 2006 मध्येच ठरले होते. गाभाच काढून घेतल्यावर पॅक म्हणजे विकणाऱ्याच्या माथी मारलेला खर्च एवढेच उरले. बाजार कोसळत असताना तो कुणालाच नको होता आणि मे 2010 मध्ये नव्या आघाडी सरकारने तो स्थगित केला. मागे राहिले फक्त ऊर्जा प्रमाणपत्र.

टोकन, इसार, साठेखत

लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे आणि स्लाव, हॅरो, हाउन्स्लोमध्ये घर घेणारी मराठी कुटुंबे आज बरीच आहेत. पुण्या-मुंबईचा व्यवहार पाहून तिकडे गेलेल्या माणसाला सर्वांत नवल वाटते ते टोकन नसल्याचे. भाव ठरला तरी कुणीच कुणाला रुपया देत नाही, हे त्याच्या पचनी पडत नाही.

महाराष्ट्रातही भाव शेवटी घसरतो. बँकेचे ‘टेक्निकल’ मूल्यांकन कमी येते, मागच्या व्यवहाराचे मूळ साठेखत सापडत नाही, सोसायटीची थकबाकी निघते, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नसते. गावाकडे सातबारावर एखाद्या आत्याचे नाव निघते आणि घोडे अडते. आणखी एक इथलाच प्रकार म्हणजे एकूण भाव तोच ठेवून शेवटच्या बैठकीत ‘चेकचे किती, रोखीचे किती’ हे बदलायचे. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून आयकर कायद्याने मनाई आहे आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणून अशा बैठकीत तक्रार करायची तर कुणाकडे, हा प्रश्न दोघांनाही पडतो.

पण साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले, की चित्र पालटते. फ्लॅटच्या व्यवहारात मुद्रांक शुल्क बहुधा तेव्हाच भरलेले असते, मुंबई-पुण्यात साधारण सहा-सात टक्के. भाव कमी केला तरी शुल्क रेडी रेकनरपेक्षा कमी रकमेवर आकारले जात नाही. करार मोडायचा तर रद्दलेख करा, शुल्क परत मिळवायला खेटे घाला. विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून घेण्याचा आदेश मिळवणेही आधीपेक्षा सोपे झाले आहे. बिल्डरकडून घेताना रेराने आणखी एक बांध घातला आहे. नोंदणीकृत साठेखताआधी त्याला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे आपल्याकडे भाव पाडायची फट टोकन ते साठेखत एवढीच आहे. शहाणी माणसे ती आठवड्या-दोन आठवड्यांत मिटवतात.

इसाराचेही नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ‘फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास’ या 1963 च्या निकालात 1 हजार रुपयांचा इसार जप्त करायला मान्यता दिली. नंतर दिलेले 24 हजार मात्र, नुकसानीचा पुरावा नसताना, विकणाऱ्याला ठेवू दिले नाहीत. पावतीवर ‘इसार’ लिहिले की ‘ॲडव्हान्स’, त्याची जप्ती केव्हा होईल, हे साफ नमूद असणे म्हणूनच महत्त्वाचे.

पुढे काय

ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडसाठी पुन्हा सुधारणा मांडल्या. घराची माहिती विकणाऱ्याने विक्रीला लावतानाच द्यावी आणि ज्यांना हवा त्यांना लवकर बंधनकारक करार करता यावा, असा त्यांचा रोख आहे. साधारण तीनांतला एक सौदा फिसकटतो, असे सरकारच म्हणते. यातला पहिला भाग म्हणजे 2010 मध्ये गुंडाळलेलाच विचार, तर दुसरा स्कॉटलंड-फ्रान्सच्या वळणाचा. दोन्ही एकत्र आले तरच उपयोग होईल. माहिती आधी न देता बांधले तर घेणारा बुडतो, माहिती देऊनही मोकळे सोडले तर विकणाऱ्याची अडवणूक चालूच राहते. बंधन ऐच्छिक ठेवले तर घसरत्या बाजारात ते घेणाऱ्यालाच नको असेल, हीच या प्रस्तावातली कच्ची बाजू आहे.

तोवर इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्याने सर्व्हे आणि लीजची कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत, गिऱ्हाईकाची कर्जमंजुरी पाहावी, एक्स्चेंजची तारीख पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्यावी आणि उशिरा कपात मागणाऱ्याकडे लेखी अहवाल मागावा. अहवाल आला नाही तर दोन दिवस फोन उचलू नये. घेणाऱ्याचाही सर्व्हे आणि सॉलिसिटरचा खर्च झालेलाच असतो. महाराष्ट्रात व्यवहार करणाऱ्यांनी इसार पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : एकूण भाव, साठेखत नोंदवायची शेवटची तारीख, भाव कोणत्या कारणाने बदलू शकेल आणि व्यवहार मोडल्यास इसाराचे काय. पावती साध्या कागदावर असली तरी दोन्ही बाजूंच्या सह्या आणि साक्षीदार घ्यावेत.